सहावा पीस कुठे गेला? उद्यमबागेतल्या एका मूल्यमापनाची हकिकत

मुद्दाम बिघडवलेले सहा पीस आम्ही लाईनवर सोडले होते. शिफ्ट संपली तेव्हा पाच परत आले. सहाव्याचा पत्ता नाही. रात्री अकरा वाजून गेलेले, आणि मी, क्वालिटीचे साहेब आणि एक हेल्पर असे तिघं पॅकिंगच्या क्रेट उपसत बसलो होतो. तो पीस सकाळच्या गाडीत चढला असता तर आमच्या परीक्षेचा निकाल थेट ग्राहकाने लावला असता.

तो पीस सापडला, पण ज्या अवस्थेत सापडला त्याने आमची अख्खी गुणपत्रिका उलटीपालटी केली. त्याआधीची गोष्ट सांगते.

बेळगावात फौंड्री आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. उद्यमबाग, मच्छे, खानापूर रोडला आत वळलं की प्रत्येक शेडमधून ग्राइंडरचा आवाज. त्यातल्याच एका मध्यम कारखान्यात मला बोलावलं होतं. बिडाचे भाग मशीनिंग करून पंपवाल्यांना पुरवायचे, हे त्यांचं काम. मशीनवर दहा-वीस वर्षं काढलेल्या चौदा ऑपरेटरांमधून त्यांना लाईन इन्स्पेक्टर निवडायचे होते. आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि दोन्ही माझ्याकडे. मी स्वतः बारा वर्षं क्वालिटीत काढली आहेत, त्यामुळे काम सोपं वाटलं होतं. हा पहिला गैरसमज.

पेपर आधीच आणून ठेवला होता. बाहेरच्या एका संस्थेचा, चाळीस प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, इंग्रजी आणि कन्नडमध्ये. चौदांपैकी आठजण बेळगुंदी, उचगाव, कंग्राळी भागातले, मराठी शाळेत सातवी-दहावी झालेले. बाकीचे बैलहोंगल, गोकाककडचे, कन्नड माध्यमाचे. पहिल्या फेरीत मराठीवाले धडाधड आपटले. आपल्याकडे असं झालं की पहिला विचार भाषेचाच येतो, मलाही तोच आला. रविवारी दिवसभर बसून मी पेपर मराठीत केला, चांगला शुद्ध, पाठ्यपुस्तकातले शब्द घालून.

सोमवारी बेळगुंदीचे काका (वय एक्कावन्न, लेथवर सत्तावीस वर्षं, सगळे त्यांना काकाच म्हणतात) तिसऱ्या प्रश्नावर थांबले. ‘व्हर्निअरचे लघुत्तम माप किती?’

“मॅडम, हे कुठल्या गावचं माप ओ?”

मी म्हटलं, लीस्ट काउंट (उपकरणावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप).

“मग लीस्ट काउंट म्हणा की! पॉइंट झिरो टू. मायक्रोमीटरचा पॉइंट झिरो वन.”

मागून बैलहोंगलचा डिप्लोमावाला पोरगा हसायला लागला. कन्नड पेपरातही त्या जागी असाच एक शब्द होता आणि तोही त्याने शाळा सोडल्यावर कधी ऐकला नव्हता. मराठीबद्दलची माझी कळकळ कुणापेक्षा कमी नाही, पण त्या दिवशी कळलं की शॉपमधली भाषा ना बेळगुंदीची, ना बैलहोंगलची. तिथे ‘बोर ओव्हर गेला’ (आतलं भोक मापापेक्षा मोठं झालं), ‘टेपर मारतोय’ (भोक एका टोकाला रुंद होतंय), ‘बर्र राहिलाय’ (कापलेल्या कडेला धातूचा खरबरीत काठ राहिलाय) असं बोलतात, आणि ते दोन्हीकडच्यांना सारखंच कळतं. भाषा बदलली तरी पेपर परकाच राहिला. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची ती एक, आणि पेपर तपासत होता वाचनाचा सराव.

दुसरा प्रयत्न टेबलावरचा. पेपर बाजूला ठेवला आणि प्रात्यक्षिक घेतलं. बोर ४० एच ७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिलिमीटर. सगळी सवलत, म्हणजे मापात चालणारा फरक, २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ज्याची सवलत मोजायची त्याच्या दहाव्या भागाइतकं तरी बारीक उपकरणाला दिसलं पाहिजे, हा आमच्या धंद्यातला जुना नियम, म्हणून एक मायक्रॉनचा डायल बोर गेज दिला, भोकाचा व्यास काट्यावर दाखवणारा. पाच पीस, प्रत्येकाला चाळीस मिनिटं.

काकांचं काम बघत राहावं असं होतं. आधी सेटिंग रिंग (गेज लावून घ्यायची नेमक्या मापाची कडी) कापडाने पुसली, मग गेजचं टोक. रिंगमध्ये गेज झुलवला आणि काटा जिथून मागे फिरतो तिथे झिरो लावला. लगेच मोजायला न जाता गेज काढून परत घातला आणि झिरो तिथेच येतो का पाहिलं. मग बोर वर, मध्ये, खाली असा तीन खोलीवर, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. चौथा पीस मी मुद्दाम नुकताच मशीनवरून आणलेला होता. तो त्यांनी हातात धरला आणि तसाच बाजूला ठेवला. “गरम आहे. आता मोजलं तर खोटं सांगेल.” बरोबर होतं. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. बीड दर अंशाला मीटरमागे अकराएक मायक्रॉन फुगतं, म्हणजे गेजपेक्षा पीस वीस अंशांनी गरम असला तर ४० मिलिमीटरचा बोर नऊ मायक्रॉन मोठा दिसतो. २५ मधले नऊ. हे गणित काकांनी कधी केलेलं नाही.

डिप्लोमावाल्या पोराने तोच पीस गरमच मोजला, पण नोंद सुबक केली. या प्रात्यक्षिकात जुने लोक सगळे पास. आमच्यात आनंदीआनंद झाला. ‘पुस्तकी परीक्षा खोटी, हाताची परीक्षा खरी’ असा लेख इथेच संपवता आला असता.

मालकांनी एक साधा प्रश्न विचारला: “हे मोजतात चांगलं, ते मला माहीतच होतं. इन्स्पेक्टर होतील का?”

उत्तर नव्हतं. म्हणून जे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आता केलं. दोन शिफ्ट, सध्याच्या लाईन इन्स्पेक्टरच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि दर पाच मिनिटांनी तो काय करतोय ते वहीत लिहीत गेले. मोजण्यात त्याचा थोडाच वेळ जात होता. उरलेल्या वेळात तो बोलत होता. ऑपरेटरशी, सुपरवायझरशी, पॅकिंगवाल्याशी, आणि बरंचसं बोलणं ‘नाही’ म्हणण्याबद्दलचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला एक बोर ४०.०३२ मिळाला, म्हणजे सवलतीच्या सात मायक्रॉन बाहेर. ऑपरेटर त्याच्याच गल्लीतला. “पाचची गाडी आहे रे, सात पॉइंट कोण बघतंय?” इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि पीस लाल क्रेटमध्ये टाकला. मी शेजारी नसते तर काय लिहिलं असतं, ते त्याने मला चहाच्या वेळी स्वतःच सांगितलं.

म्हणजे काम मोजण्याचं नाही, थांबवण्याचं आहे. आणि आम्ही पेपर काढला व्याख्यांचा, प्रात्यक्षिक घेतलं मोजण्याचं.

शिक्षणशास्त्रात या विषयावर बरंच लिहिलं गेलंय. अमेरिकेतले ग्रँट विगिन्स १९८९ पासून सांगत होते की परीक्षा त्या क्षेत्रातल्या खऱ्या कामासारखीच असावी, त्याच्या सावलीसारखी नको. मला जास्त उपयोगी पडले ते वैद्यकीय शिक्षणातले जॉर्ज मिलर. १९९० मध्ये त्यांनी चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्षात करतो. शेवटच्या दोनमधला फरक आमच्या कारखान्यात गल्लीतल्या ऑपरेटरएवढा मोठा होता. टेबलावर परीक्षकासमोर कुणीही करून दाखवतो. पाचची गाडी उभी असताना करतो का, हा खरा प्रश्न.

म्हणून सहा पीस. एकाचा बोर मोठा, एकाचा अंडाकृती, एकात टेपर, एकाला चॅम्फरच (कडेचा तिरका काप) नाही, एकावर हीट नंबर (कुठल्या ओतीचा माल ते सांगणारा क्रमांक) चुकीचा, आणि एकात आडव्या भोकाच्या कडेला बर्र ठेवलेला. हा बर्र दिसायला किरकोळ, पण पंप चालू झाल्यावर त्याचा कण सुटून तेलात गेला की आतले घासणारे भाग खातो. हे पीस चालू शिफ्टमध्ये बाकीच्या मालात मिसळायचे आणि ज्याची परीक्षा आहे त्याने त्या शिफ्टपुरता इन्स्पेक्टर म्हणून काम करायचं.

लपून काही करायचं नाही यावर माझा हट्ट होता. मोठ्या वयाच्या माणसाला फसवल्यासारखं वाटलं की तो पुन्हा तुमच्याकडे शिकायला येत नाही. चौदाही जणांना पंधरा दिवस आधी सांगितलं: अमुक आठवड्यात पीस येतील, किती ते सांगणार नाही, पकडला तर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर कंग्राळीच्या एकाने हात वर करून विचारलं, “पास झालो तर इन्सेंटिव्ह बंद होणार ना?” इन्स्पेक्टरला उत्पादनाचा इन्सेंटिव्ह नाही, हे आम्ही कुणीच बोललो नव्हतो. पहिल्या पेपरात दोघांनी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होती, हेही त्याच बैठकीत उघड झालं. दोघांचे मार्क बघून मी त्यांना ‘कच्चे’ असा शेरा मारला होता.

ग्राहकाकडे माल जाऊ नये म्हणून प्रत्येक बिघडवलेल्या पीसला तळाशी बारीक पंच मारला आणि रजिस्टर ठेवलं. (हा पंच तिसऱ्याच दिवशी एका पोराने हेरला आणि सगळे पीस उलटे करून बघायला लागले. मग खुणेऐवजी नुसते सिरियल नंबर ठेवले.)

आता टॅगची गोष्ट, कारण सीमाभागात ती वेगळीच रंगते. पीस अडवला की लाल टॅग लावायचा: काय चुकलं, कुठे, किती. पहिल्या दिवशी काहींनी देवनागरीत लिहिलं, काहींनी कन्नडमध्ये, डिप्लोमावाल्याने इंग्रजीत. क्वालिटीच्या साहेबांचं मत इंग्रजीच हवं, कारण ऑडिट. मी विचारलं, हा टॅग वाचून पुढची कृती कोण करतो? रात्रपाळीचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा. तो गोकाकचा, मराठी बोलतो चांगली पण देवनागरी वाचत नाही, आणि इंग्रजी अक्षरं लावत बसतो. मग आम्ही भाषेचा निकष काढूनच टाकला. त्याऐवजी एकच कसोटी ठेवली: टॅग सेटरच्या हातात द्यायचा, लिहिणारा तिथे नसताना, आणि त्याने योग्य ते केलं की टॅग पास.

पहिल्या फेरीत इंग्रजीतला एक सुरेख टॅग नापास झाला. पास झाला तो उचगावच्या एकाचा, ज्यात एक गोल, गोलावर बाण, बाणाशी इंग्रजी आकड्यात 40.032 आणि खाली दोषाचा कोड होता. दुसऱ्या फेरीपर्यंत सगळे गोल काढायला लागले. ऑडिटला कोड आणि आकडे पुरले.

मग ती रात्र. परीक्षा काकांची. पाच पीस लाल क्रेटमध्ये, टॅगसकट. बर्रचा पीस गायब. साडेअकराला हेल्परला तो सापडला, चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये. मी टॉर्च धरून आडव्या भोकात बघितलं. कड स्वच्छ. नखाने चाचपली, कुठे अडकलं नाही. बर्र नव्हताच.

सकाळी काकांना विचारलं.

“दिसला, काढला.” खिशातून त्यांनी स्क्रॅपर काढून दाखवला, मूठ कापडाने गुंडाळलेली.

“टॅग?”

“दोन मिनिटांच्या कामाला टॅग कशाला लावायचा ओ मॅडम? आणि पोराला सांगितलं की, ड्रिल बोथट झालंय, बदल म्हणून.”

त्या ऑपरेटरला बोलावलं. त्याने खरंच रात्री आठला ड्रिल बदललं होतं. चांगलं, धारेचं ड्रिल. कारण बर्र आम्ही वेगळ्या, जुन्या ड्रिलने मुद्दाम काढून आणला होता. आमच्या खोट्या दोषापायी खरं ड्रिल गेलं, आणि काकांचं निदान मात्र दोषाच्या जातीला धरून अगदी अचूक होतं.

गुणपत्रिकेत रकाने चार: दोष पकडला का, टॅग लावला का, टॅग समजला का, माल अडवला का. काकांना त्या पीसवर चारपैकी एक. क्वालिटीचे साहेब म्हणाले, बरोबरच आहे. इन्स्पेक्टरने हत्यार उचलायचं नाही, नोंद नाही म्हणजे दोष झालाच नाही, उद्या शंभर पीसला बर्र आला तर मागे जाऊन शोधायचं कसं? प्रॉडक्शनचे सुपरवायझर चिडले. दोष पकडला, दुरुस्त केला, कारण काढलं, ऑपरेटरला सांगितलं, अजून काय पाहिजे? चारपैकी चार. मी म्हटलं दोन. का दोन, ते मला धड सांगता आलं नाही.

तिथे मला लाज वाटली. कारण कुठलाही गेज वापरात घ्यायच्या आधी आम्ही त्याचा आर अँड आर (रिपीटेबिलिटी अँड रिप्रोड्युसिबिलिटी), म्हणजे गेजचीच परीक्षा, करतो. साधारण दहा पीस, तीन माणसं, दोन-तीन वेळा तीच मापं, आणि मग बघतो की मापातला किती फरक पीसमुळे आहे आणि किती गेज नि माणसांमुळे. हा दुसरा फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, तीसच्या वर गेला तर वापरायचा नाही. चौदा माणसांच्या पगाराचा निर्णय ज्या गेजने करत होतो तो गेज म्हणजे आम्ही तिघं, आणि आमचा आर अँड आर कुणी केला होता?

तो केला. चौदाजणांच्या कामातून दहा प्रसंग निवडले: टॅग, नोंदी, सेटरने काय केलं त्याची टिपणं. नावं झाकली. तिघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून गुण दिले, आठवड्याने क्रम बदलून पुन्हा दिले. एवढ्याशा संख्येवर टक्केवारी काढण्यात अर्थ नव्हता, नुसतं समोर मांडलं. तिघांचं एकमत दहापैकी चारच प्रसंगांत. त्याहून बोचलं ते असं की दोन प्रसंगांत माझंच माझ्याशी जमलं नाही. मंगळवारी पास केलेला टॅग पुढच्या मंगळवारी मी नापास केला होता.

भांडण कुठे होतं ते शोधताना एक रकाना पहिल्यांदा उडाला: ‘आत्मविश्वासाने संवाद साधतो’. हा मीच घातला होता, कुठल्याशा नमुन्यावरून उचलून. त्यात साहेब मोठ्याने बोलणाऱ्याला गुण देत होते आणि मी नम्रपणे बोलणाऱ्याला. त्याजागी ‘ऑपरेटरने मशीन थांबवलं का’ एवढंच ठेवलं. ‘टॅग व्यवस्थित’ गेलं, सेटरची कसोटी आली. आणि काकांसाठी (खरं तर काकांमुळे) पाचवा रकाना आला: ‘जागेवर दुरुस्त केलं, काय, किती वाजता’. दुरुस्ती करायची मुभा फक्त बर्रपुरती, आणि लिहिली तरच. साहेबांना हे आजही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. आज बर्र, उद्या कुणी बोर पॉलिश करून मापात बसवेल.

पुन्हा दहा प्रसंगांवर बसलो तेव्हा एकमत आठांवर गेलं. उरलेल्या दोहोंवर अजून वाद आहे.

निकालाचं थोडक्यात. चौदांपैकी आठजण इन्स्पेक्टर झाले, त्यात काका आणि डिप्लोमावाला दोघेही. काकांना बर्रवाला प्रसंग पुन्हा द्यावा लागला. पोराला गरम पीसचा. तिघांची दुसरी फेरी भात लावणीमुळे ऑगस्टवर गेली. तिघांनी नको म्हटलं. त्यातला एक म्हणाला, “गावातल्याच पोरांचे पीस अडवायचे, आणि संध्याकाळी त्यांच्याच कट्ट्यावर बसायचं, जमणार नाही मला.” याला मी नापास धरत नाही. कामाचं खरं चित्र बघून माणसाने स्वतः घेतलेला निर्णय कुठल्याही पेपराने दिला नसता. इन्सेंटिव्हचं काय, त्यावर मालकांनी इन्स्पेक्टरला ठरावीक भत्ता लावला. पुरेसा नाही, असं कंग्राळीवाला अजून म्हणतो.

खर्च बराच झाला. प्रत्येक माणसामागे एक अख्खी शिफ्ट, सहा बिघडवलेले पीस आणि तीन परीक्षक. पन्नासजणांची भरती असती तर मी हा मार्ग सुचवला नसता. तिथे टेबलावरचं प्रात्यक्षिक सगळ्यांचं आणि लाईनवरची परीक्षा शेवटच्या मोजक्यांची, असं केलं असतं. पेपरही मी पूर्ण फेकलेला नाही. चाळीसातले नऊ प्रश्न ठेवलेत, शॉपच्या भाषेत, तोंडी विचारायला. २० अंशांचा त्यातलाच एक. काकांनाही आता ते गणित येतं, म्हणजे पोराला समजावता येण्यापुरतं.

टॅगचे जुने गठ्ठे अजून संपलेले नाहीत, त्यामुळे पाचवा रकाना छापलेला नाही. प्रत्येकाने तो पेनाने आखून घ्यायचा. पोरं स्टीलची पट्टी लावतात. काका नुसत्या हाताने रेघ मारतात, आणि ती सरळ येते.